धाकटीची दुपार

माझ्या धाकट्या जावेबद्दल कुणी विचारलं, की आमच्या घरातली माणसं सांगायची, "ती काय, घरीच असते." जणू ही बाई दिवसभर खिडकीत बसून वारा खाते! मी स्वतः इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या तक्रारी झेलून झेलून नाकी नऊ येतात. पण संध्याकाळी वरच्या मजल्यावर जाऊन तिचा दिवस कसा गेला ते पाहिलं, की आपली खिडकी बरी असं वाटायचं. तिला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो. अंगाने काडी, बोलणं हळू, आणि एकदा 'नाही' म्हणाली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी उपयोग नाही.

तिची मुलगी ठमी व्हायच्या आधी धाकटी कपड्यांच्या एका कारखान्यात कटिंगला होती. शिवणाऱ्या बायका तिथे पुष्कळ, कापणारी बाई मात्र ती एकटीच. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे थरावर थर, वर कागदी पॅटर्न मांडायचे, खडूने आखायचं आणि मग मशीन फिरवायचं. एक बाही तिरकी बसली तर अख्खा थर वाया. ते पॅटर्नसुद्धा तीच बनवायची. पुरुष कटर सुरुवातीला तिला बघून हसायचे. पुढे तेच तिला हाक मारून विचारायला लागले, "बाई, जरा येऊन बघता का, ही कॉलर बसत नाहीये." हे ती सांगायची नाही. हे मला तिथल्या एका शिवणवालीने माझ्या खिडकीवर येऊन सांगितलं, आणि मी ते जमेल तिथे सगळ्यांना सांगितलं.

ठमी झाली आणि ती घरी राहिली. दोन वर्षं बरी गेली. मग माझ्या दिरांच्या कंपनीने मालाच्या व्हॅनच्या फेऱ्या निम्म्यावर आणल्या. भाऊजी दिवसाआड घरी दिसायला लागले. व्हॅन पुसून पुसून चकचकीत केली, पण चकाकीने पोट भरत नाही. धाकटीने काहीतरी कमवायला हवं हे कुणी बोलून दाखवलं नाही, तिनेच दाखवलं. "घरात बसून जमेल असं काही आहे का बघते," म्हणाली.

झालं! सल्ल्यांचा पाऊस सुरू. समोरची शेजारीण म्हणाली, फोनवरून क्रीम आणि शांपू विक, मी कसं करते बघ. माझ्या नवऱ्याने कुठलीशी जाहिरात आणली. घरबसल्या टायपिंग, फक्त आधी थोडी अनामत भरायची. मी म्हटलं, "काम देणाराच आधी पैसे मागतो, तो काम देतोय की टोपी घालतोय?" त्यावर ते तीन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. भाऊजी म्हणाले, "लोकांची मुलं सांभाळ ना, तशीही एक सांभाळतेसच." उंटावरचे शहाणे सगळे.

आणि कारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला. "तुझी जागा मी वर्षअखेरपर्यंत धरून ठेवते. पण पूर्ण वेळ. सकाळी दार उघडताना यायचं, संध्याकाळी दार लावताना जायचं."

पेच असा होता, की तिला तिघांना पुरेल असं काहीतरी कमवायचं होतं, आणि ठमीचं बालपण दुसऱ्याच्या हवाली करायचं नव्हतं. शिवाय एक तिसरी गोष्ट होती, ती फक्त मला कळत होती. कटिंगची जागा एकदा गेली की गेली. तशी जागा बाईमाणसाला पुन्हा कोण देतंय?

तिने काय करावं? एका संध्याकाळी जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि म्हणाली, "हा माझा दिवस." मग दुसऱ्या कागदाचे तुकडे कापून त्यावर मांडायला लागली, कापडावर पॅटर्न मांडतात तसे. हा स्वयंपाक. हे धुणंभांडी. ही ठमीची अंघोळ आणि भरवणं. हा मोठा तुकडा दुपारचा. दुपारी ठमी जेवून आईला चिकटून पडायची, तिच्या बांगड्या मोजायची, मध्येच प्रश्न विचारायची, मध्येच झोपायची, उठली की पुन्हा तिच्याच मांडीत. तो तुकडा तिने सगळ्यात आधी मांडला, हे मी पाहिलं.

भाऊजींनी वाकून पाहिलं. "ह्यात मी कुठे आहे?"

तिने कापताना उरलेलं कागदाचं एक चिटोरं उचलून त्यांच्या हातात दिलं. "हे तुम्ही. कोपऱ्यात बसता."

आम्ही सगळे खो खो हसलो. भाऊजी सगळ्यात जास्त. मग तिने कारखान्याचा तुकडा कापला आणि वर ठेवला. त्याने जवळजवळ सगळं वर्तमानपत्र झाकून टाकलं.

"बसतोय की," माझा नवरा म्हणाला.

"बसतोय," धाकटी म्हणाली, "पण खाली कोण गेलं बघा."

तेव्हा कुणी हसलं नाही. मी एवढंच म्हटलं की मी स्वतः नोकरी सोडली नव्हती, आणि माझा मुलगा काही वाया गेलेला नाही. ते मी आजही म्हणेन. माझ्याकडे तेव्हा सासूबाई होत्या, धडधाकट आणि हौशी. धाकटीच्या वाट्याला त्या आल्या नाहीत. जिचं तिचं कापड वेगळं, जिचा तिचा पन्हा वेगळा.

सुरुवात तिने क्रीम-शांपूपासून केली, कारण त्याला वेळ कमी लागतो. वेळ खरंच कमी लागला. पण महिन्याभरात असं झालं की माझ्याकडे येणारी माझी चुलतबहीण तिला जिन्यात बघून फोन कानाला लावायची. फोन बंद असला तरी. एकदा धाकटी कुणाच्या तरी बारशाला गेली आणि परत येऊन म्हणाली, "ताई, मी बाळाकडे बघतच नव्हते. तिथल्या बायकांच्या चेहऱ्यांना कुठलं क्रीम लागेल ते बघत होते." दुसऱ्या दिवशी तिने उरलेल्या बाटल्या शेजारणीला परत नेऊन दिल्या. त्यातली एक वापरलेली निघाली, म्हणून ती शेजारीण अजून तोंड फिरवते.

मग मुलं सांभाळायची ठरली. बँकेतल्या बाईंची जुळी, आणि औषधांच्या दुकानवाल्यांचा गोटू. धाकटीने हे काम जीव ओतून केलं. त्या एका खोलीत चार पोरं, पण कधी गोंगाट खाली आमच्यापर्यंत आला नाही. सगळ्यांनी ओळीत बसायचं, ओळीत हात धुवायचे, दूध ओळीने, मांडीवर यायचं तेही ओळीने. आणि ठमी कायम शेवटी. "लोक विश्वासाने पोरं सोडून जातात," ती म्हणायची, "आपल्या पोरीला आधी घेतलं असं कुणी बोलायला नको." पोरं तिला काकू म्हणायची. त्यांच्या आया येता जाता तिचं कौतुक करायच्या. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम हातात पडायची, घरात पुन्हा फळं यायला लागली, भाऊजींच्या चेहऱ्यावर रंग आला. मला वाटलं, सुटलं बुवा कोडं.

माझी साप्ताहिक सुट्टी आठवड्याच्या मधल्या दिवशी असते. त्या दिवशी मी वर गेले तर गोटू रडत होता आणि धाकटी त्याला मांडीवर घेऊन थोपटत होती. जुळ्यांपैकी एक तिच्या पाठीला लोंबकळलेली, दुसरी पदर ओढतेय. तेवढ्यात ठमी उंबऱ्याला अडखळून पडली. ओठ फुटला, रक्त आलं. मी धावले, पण तिने माझा हात झटकला. उठली, आणि आईकडे गेली नाही. जुळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. हनुवटीवरून रक्त ओघळतंय, डोळ्यांत पाणी, पण पोरगी गप्प उभी. मग हळूच म्हणाली, "काकू, माझा नंबर आला की घेशील?"

धाकटीने गोटूला माझ्याकडे दिलं आणि तिला उचललं. ठमीचा ओठ पुसला, पाणी दिलं, आणि संध्याकाळपर्यंत तिला खाली ठेवलं नाही. एका हाताने बाकीच्यांचं सगळं केलं.

त्यांच्या आया येऊन मुलं घेऊन गेल्यावर मी समजूत काढायला गेले. "अगं, मुलं ऐकतात तसं बोलतात. चार दिवसांत विसरेल."

"ती मला काकू म्हणाली त्याचं नाही काही, ताई," ती म्हणाली. "ती उभी राहिली. स्वतःच्या आईसाठी रांगेत उभी राहिली. आणि ते मी शिकवलं तिला."

मी समजूत काढायचं सोडलं आणि तिच्यासाठी चहा टाकला.

मुलांच्या आयांना तिने दुसरी सोय होईपर्यंत मुदत दिली. तोपर्यंत काम तेवढ्याच नेकीने केलं. फक्त ठमी त्या दिवसापासून ओळीत नव्हती. बँकेतल्या बाई रडल्या. त्यांनी जास्त पैसे देऊ केले. धाकटी म्हणाली, "पैशांचं नाही हो," आणि घरात येऊन डोकं धरून बसली. कारण पैशांचंच होतं.

वर्ष संपत आलं होतं. ती म्हणाली, "ताई, सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर कारखान्यात चला. ठमीला तुम्ही घ्या, मला बोलायचंय."

मी गेले. मोठ्या हॉलमध्ये मशीनींचा घरघराट, हवेत कापडाची धूळ. धाकटी आत गेली तशी कटिंगच्या टेबलावरची माणसं हात थांबवून हसली. एकाने तिच्यासाठी स्टूल पुढे केलं. माझा तेव्हाच ऊर भरून आला. मालकीणबाई काचेच्या केबिनमध्ये होत्या. धाकटीने सरळ मुद्दा मांडला. "ठमी आता सकाळी बालवाडीत जाते. आठवड्यातून दोन सकाळी मी इथे येईन आणि मांडणी बघेन. पॅटर्न घरी बनवेन. त्याला टेबल लागत नाही, कागद, पट्टी आणि डोकं लागतं. पगार देऊ नका, कामाचे पैसे द्या."

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज तू घरी पॅटर्न करणार. उद्या ह्या सगळ्या म्हणतील आम्ही घरीच शिवतो. मग कारखान्यात काय मी एकटीने बसायचं?" ते काही अगदीच चूक नव्हतं. मग त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघ, पगार वाढवते. सगळं कटिंग तुझ्या हाताखाली देते. पण पूर्ण वेळ यायचं."

सगळं कटिंग तिच्या हाताखाली! मी केबिनच्या दारातून तिचा चेहरा बघत होते. तो असा उजळला की मला वाटलं, आता ही हो म्हणणार. आणि म्हणाली असती तर मी दोष दिला नसता. तिने टेबलाकडे पाहिलं, त्या माणसांकडे पाहिलं. ठमी माझ्या खांद्यावर पेंगत होती. धाकटी म्हणाली, "मला नाही जमणार."

"मग जागा देऊन टाकते मी."

"द्या," ती म्हणाली. बाहेर आली आणि ठमीला माझ्याकडून घेतलं. घरी येऊन मीच तिच्यावर तोंडसुख घेतलं. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं, निदान महिनाभर मागून घ्यायचास, वगैरे. भाऊजी मध्ये पडले. "वहिनी, राहू द्या. तिने मांडून बघितलंय." मग स्वतःच विचारलं, "पण आता काय?"

आता लाँड्रीवाल्याकडची कामं. पॅन्टची लांबी कमी करणं, झिप बदलणं, शर्टाची झिजलेली कॉलर उलटवणं. वेळ तिच्या हातात, दुपार ठमीची, आणि मिळकत म्हणाल तर चिमणीच्या चोचीएवढी. कधी ढीगभर कपडे, कधी एक पॅन्ट. आजारी पडलं तर ते दिवस कोरडे. फळं पुन्हा बंद झाली. मी खालून काही पाठवलं तर भांडं रिकामं परत येत नसे, आणि ते बघून मला तिचा अभिमानही वाटायचा आणि एक धपाटा द्यावासाही वाटायचा. तीन महिने असेच ओढाताणीचे गेले. एकदा ती म्हणाली, "ताई, मी हट्टाने वागले का हो?" मी म्हटलं, "हो." मग म्हटलं, "पण वाग."

त्यानंतरच्याच एका सुट्टीला मी दुपारी तिच्याकडे होते. ती ठमीला घेऊन आडवी झाली होती आणि ठमी तिच्या कानाशी काहीतरी कुजबुजत होती. फोन वाजला. धाकटीने नाव पाहिलं, आवाज बंद केला आणि फोन पालथा ठेवला. पुन्हा थरथरला. पुन्हा. मी नाव वाचलं आणि उडालेच. "अगं, मालकीणबाई!"

"झोपतेय ती," धाकटी ओठांनीच म्हणाली.

मला तो फोन घेऊन पळावंसं वाटत होतं. थोड्या वेळाने जिन्यात टाचांच्या चपलांची टकटक ऐकू आली. एकेक मजला वर येत होती. मी दार किलकिलं केलं. मालकीणबाई, धापा टाकत, हातात पिशवी. ज्यांच्यासमोर अख्खा कारखाना मान खाली घालतो त्या बाई, आमच्या जिन्यात!

"आहे का ती?"

"आहे, पण मुलगी आत्ता झोपतेय. खोली एकच आहे हो," मी म्हटलं. "बसता का जरा?" आणि स्टूल बाहेर आणून ठेवलं. जिन्यात! माझं मलाच कसंतरी झालं. त्या बसल्या. मी पाणी दिलं, ते प्यायल्या. मधून मधून दाराकडे बघत होत्या. मी आत धाकटीकडे बघत होते. ती ठमीला थोपटतच होती, घाई नाही, काही नाही.

ठमीचा श्वास लांब झाला तेव्हा ती उठली, केस सारखे केले आणि बाहेर आली.

मालकीणबाईंनी पिशवीतून एक इवलासा सदरा काढला. गोल गळ्याचा, डोक्यातून घालायचा. बालवाडीच्या गणवेशाची मोठी ऑर्डर मिळाली होती, हा त्यातला नमुना. धाकटीने तो हातात घेतला, गळ्यात चार बोटं घालून ताणला आणि म्हणाली, "ह्यातून डोकं नाही जाणार."

"नाहीच गेलं," मालकीणबाई म्हणाल्या. "शाळेत एका पोराला घालून बघितला, तो अर्ध्यात अडकला आणि रडून गोंधळ. नवीन कटरने मोठ्या माणसांचा पॅटर्न घेतला आणि सगळीकडून सारखा लहान केला."

"पोरं म्हणजे लहान केलेली मोठी माणसं नसतात ना. अंगाच्या मानाने डोकं मोठं, पोट पुढे, दंड गुबगुबीत. चौघांचे कपडे दिवसातून तीनदा बदललेत मी." हे ती अगदी सहज म्हणाली. "करून देते. घरून. कामाचे पैसे. दोन सकाळी मांडणीला येईन. दुपारी फोन नाही."

"ठीक आहे," मालकीणबाई पटकन म्हणाल्या. "तू म्हणशील तसं. पण पॅटर्न मला उद्या सकाळी हवेत. कापड पडून आहे, मशीनी थांबल्यात. आत्ता लगेच बस."

मी दाराआड उभी. मनात म्हणत होते, हो म्हण, बाई, हो म्हण. एकच तर दुपार आहे. मी आहे ना, मी बघते पोरीला. तीन महिन्यांनी दार ठोठावत काम आलंय, त्याला परत पाठवू नकोस.

धाकटीने दाराकडे पाहिलं. "आत्ता नाही बसता येणार. ती उठेल तेव्हा मी लागते तिला. संध्याकाळी सुरू करते, उद्या सकाळी पुढे करते. परवा सकाळी देते. पण असे देईन की पुन्हा परत येणार नाहीत."

मालकीणबाईंनी सदऱ्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, मग लोटलेल्या दाराकडे.

"परवा तर परवा," त्या म्हणाल्या. पिशवी धाकटीच्या हातात दिली. दोन पायऱ्या उतरल्या, टाचा टकटकल्या, तशा थांबल्या. वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि अनवाणी तिन्ही मजले उतरून गेल्या.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, सांगायला लाज कसली! ही आमची धाकटी. कुठली मोठी पदवी नाही, पाठीशी कुणी नाही, घरात उद्याची चिंता, आणि तरी आपल्या पोरीची दुपार तिने अशी राखली, की समोरच्या बाईला चपला हातात घ्याव्याशा वाटल्या. मी तिला मिठीच मारणार होते. तर ती मटकन स्टुलावर बसली.

"ताई," ती म्हणाली, "त्या नाही म्हणाल्या असत्या ना, तर मी उद्या कारखान्यात जाऊन पाय धरले असते त्यांचे."

"धरले असतेस?"

"धरले असते," ती म्हणाली. "पण सकाळी."